सुखाचें माप

दरवर्षीं मार्च महिन्याच्या २० व्या तारखेच्या सुमारास वर्तमानपत्रांत देशांची एक यादी प्रसिद्ध होत असते. जगांतील कोणता देश सर्वांत सुखी व कोणता सर्वांत दुःखी, हें तींत अनुक्रमानें मांडिलेलें असतें. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वेळां उत्तर युरोपांतील फिनलंड ह्या लहानशा देशास तींत पहिलें स्थान मिळालें. २०२५ सालच्या यादींत एकंदर १४७ देश होते. त्यांत आपला भारत देश ११८ वा व अफगाणिस्तान अगदीं शेवटचा होता.

अशी यादी पाहून लोक दोन प्रकारचे उद्गार काढितात. कोणी म्हणतात, “आमचा खेड्यांतला माणूस कांदाभाकरीवर सुखी आहे, त्या श्रीमंत परदेशीयांस खरें सुख काय ठाऊक? ही यादीच खोटी.” दुसरे कोणी सुस्कारा टाकून म्हणतात, “सुख तें परदेशांतच. आमच्या कपाळीं तें कोठून?” आमच्या मतें हे दोन्ही उद्गार घाईचे आहेत. पहिल्यांत अभिमान आहे, दुसऱ्यांत निराशा आहे. विचार दोहोंतही नाहीं. म्हणून सुख मोजतां येतें काय, येत असल्यास एका देशाचें सुख दुसऱ्या देशाच्या सुखाशेजारीं ठेवून तोलतां येतें काय, आणि त्या तोलण्यापासून आपण कोणता बोध घ्यावा, ह्या तीन गोष्टींचा आज शांतपणें विचार करूं.

सुख मोजण्याची कल्पना नवी नाहीं. जेरेमी बेंथम नांवाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सुखदुःखाचा हिशेब कसा करावा हें सांगितलें होतें. सुख किती तीव्र आहे, किती काळ टिकतें, किती खात्रीचें आहे, किती जवळ आहे, त्यापासून आणखी सुख निपजेल किंवा नाहीं, त्यांत दुःखाची भेसळ किती आहे, आणि तें किती जणांस पोहोंचतें, अशा सात बाबी त्यानें नेमून दिल्या. हेतु चांगला होता. कायदे करणाऱ्यानें मूठभर लोकांच्या सोयीकडे न पाहतां सर्वांच्या सुखाकडे पाहावें, असें त्याचें म्हणणें होतें. परंतु हिशेबाला तराजू कोठून आणावा, हें त्याला सांगतां आलें नाहीं. पोटभर जेवणाचें सुख व फार दिवसांनीं घरीं आलेल्या मुलाचें मुख पाहण्याचें सुख हीं एकाच पारड्यांत कशीं घालावीं?

हल्लींच्या विद्वानांनीं ह्या अडचणींतून एक सोपा मार्ग काढिला. आपण बाहेरून तोलण्याऐवजीं त्या मनुष्यासच विचारावें, असें त्यांनीं ठरविलें. हॅडली कँट्रिल नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें निरनिराळ्या देशांत हिंडून-फिरून केलेल्या पाहण्यांचें पुस्तक १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. पाहणी झालेल्या देशांत भारतही होता. त्याची रीत अशी : मनुष्यापुढें एका शिडीचें चित्र मांडावयाचें. खालची पायरी शून्याची, वरची दहाची. तुझ्या दृष्टीनें तुला जें उत्तमांत उत्तम आयुष्य लाभूं शकेल तें वरच्या पायरीवर आहे, आणि वाईटांत वाईट आयुष्य खालच्या पायरीवर आहे, असें समज. आतां सांग, आज तूं कोणत्या पायरीवर उभा आहेस? गॅलप ह्या अमेरिकन संस्थेनें २००५ सालापासून हाच प्रश्न जगभर विचारण्यास आरंभ केला. बहुधा प्रत्येक देशांत वर्षाला सुमारे एक हजार माणसांस तो विचारितात. पंधरा वर्षांखालील मुलांस विचारीत नाहींत. मग तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून देशांचा क्रम लावितात. हा जागतिक अहवाल प्रथम २०१२ सालीं निघाला. २०२५ च्या अहवालांत फिनलंडची सरासरी ७.७३६ भरली व अफगाणिस्तानची १.३६४.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशाचें उत्पन्न, निरोगी आयुष्य, अडचणींत धांवून येणारें माणूस असणें, आपल्या मनाप्रमाणें जगण्याची मोकळीक, दानशीलता, व लांचलुचपत नसणें, ह्या सहा गोष्टींस गुण देऊन देशांचा क्रम लावितात, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. क्रम लागतो तो केवळ शिडीच्या उत्तरावरून. देशादेशांत फरक कां पडला असावा, हें समजून घेण्यापुरताच त्या सहा गोष्टींचा मागाहून विचार होतो. तेव्हां ‘परक्यांनीं आम्हांस मुद्दाम खालीं ढकलिलें’ ही तक्रार टिकत नाहीं. पायरी सांगणारे लोक आपलेच होते.

ह्या रीतींत एक मोठा गुण आहे, आणि तो आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. आजपर्यंत रयत सुखी आहे कीं नाहीं हें राजा, पाटील, सावकार किंवा घरधनी ठरवीत असे. आतां प्रथमच असें झालें कीं, मजुरासही विचारिलें, बाईसही विचारिलें, आणि लक्षाधीशाचें उत्तर जितकें मोजिलें तितकेंच तिचेंही मोजिलें. एका माणसाचें एकच उत्तर, ह्यांत न्याय आहे. तथापि ह्या रीतीस तीन अडचणी आहेत, व तिन्ही विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण भाषेची. आपल्या मराठींतच पाहा. सुख, आनंद व समाधान हे तीन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. लग्नघरीं आनंद असतो. लग्नाचें ऋण फिटल्यावर समाधान होतें. आणि म्हातारपणीं मुलें विचारपूस करीत असलीं म्हणजे सुख आहे असें आपण म्हणतों. जर्मन भाषेंत सुखास व दैव अनुकूल असण्यास एकच शब्द आहे. म्हणजे त्या भाषेंतल्या मनुष्यास ‘तूं सुखी आहेस काय’ असें विचारिलें तर ‘तुझें दैव बरें आहे काय’ असाही सूर त्यांत ऐकूं येतो. शिडीच्या प्रश्नांत ‘सुख’ हा शब्द मुळींच नाहीं, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट आहे. परंतु त्यामुळेंच, शिडीचें उत्तर म्हणजे आनंद नव्हे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. तीच गॅलप संस्था आणखी एक प्रश्न विचारिते : काल तुम्ही पुष्कळ हसलां काय? काल विसांवा मिळाला काय? काल तुम्हांस लोकांनीं मानानें वागविलें काय? ह्या प्रश्नांच्या २०१४ सालच्या उत्तरांवरून क्रम लाविला तेव्हां पहिल्या दहाही जागा मध्य व दक्षिण अमेरिकेंतील देशांनीं पटकाविल्या व पॅराग्वे हा देश पहिला आला. पॅराग्वे हा कांहीं श्रीमंत देश नव्हे. म्हणजे ‘तुझें आयुष्य कसें आहे’ ह्या प्रश्नाचें उत्तर एक, आणि ‘कालचा दिवस कसा गेला’ ह्याचें उत्तर दुसरें. दोन्ही उत्तरें खरीं. परंतु तीं दोन निरनिराळ्या वस्तूंचीं मापें आहेत. धान्य व तेल एकाच मापानें मोजून कोण अधिक असें विचारणें जसें व्यर्थ, तसेंच हें होय.

दुसरी अडचण ह्याहून खोल आहे, आणि आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म तिच्यांतच आहे. पूर्वीं आपल्याकडे पायली गांवोगांवीं लहानमोठी असे. एका पेठेंतील दहा पायल्या म्हणजे दुसऱ्या पेठेंतील दहा पायल्या नव्हेत. शहाणा शेतकरी किती पायल्या हें विचारण्यापूर्वीं पायली केवढी हें विचारीत असे. मनुष्याच्या मनांतही अशीच एक पायली असते. तिचें नांव अपेक्षा. ‘उत्तमांत उत्तम आयुष्य’ असें म्हटल्याबरोबर एकाच्या डोळ्यांपुढें एक चित्र उभें राहतें व दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें दुसरें. जिनें आयुष्यांत अर्धपोटीं राहण्याखेरीज दुसरें पाहिलेंच नाहीं, तिची पायली लहान होऊन गेलेली असते. ती लौकर भरते. भरलेली पायली पाहून आपण म्हणतों, ‘बाई सुखी आहे.’

हें केवळ तर्कानें म्हणत नाहीं. बंगालच्या भयंकर दुष्काळानंतरच्या वर्षीं, म्हणजे १९४४ सालीं, कलकत्त्याजवळ सिंगूर येथें एका सरकारी आरोग्यसंस्थेनें लोकांच्या प्रकृतीची पाहणी केली. तींत विधुर पुरुष व विधवा स्त्रिया ह्यांस आपली प्रकृति कशी आहे असें विचारिलें होतें. शंभरांपैकी साडेअठ्ठेचाळीस विधुरांनीं प्रकृति वाईट आहे किंवा बेताचीच आहे असें सांगितलें. विधवांपैकी असें सांगणाऱ्या शेंकडा केवळ अडीच निघाल्या. आणि ‘बेताचीच आहे’ असें म्हणणारी तर एकही निघाली नाहीं. आतां त्या काळच्या बंगाली विधवेची स्थिति कशी होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनीं पुढें हे आंकडे विद्वानांच्या नजरेस आणिले व विचारिलें कीं, ह्यावरून विधवा अधिक निरोगी होत्या असें समजावयाचें काय? मुळींच नव्हे. आपली प्रकृति ही विचार करण्याजोगी वस्तु आहे, हेंच तिला कोणीं शिकविलें नव्हतें. तिनें खोटें सांगितलें नाहीं. तिची पायली तेवढीच होती.

सेन ह्यांनीं आणखी एक उदाहरण दिलें आहे. केरळांतील लोक बिहारांतील लोकांपेक्षां पुष्कळ अधिक वर्षें जगतात. तरी आजारी आहों असें सांगणारे केरळांतच अधिक. कां? तर तेथें बायापुरुष शिकलेले, दवाखाना जवळ, आणि दुखणें अंगावर काढावयाचें नसतें हें सर्वांस ठाऊक. जेथें उपाय दिसतो तेथें मनुष्य दुखणें बोलून दाखवितो. जेथें उपाय नाहीं तेथें तो त्यालाच प्रकृति म्हणतो. म्हणून शाळा व दवाखाना ज्या गांवीं नवीन येतात, त्या गांवीं कांहीं काळ तक्रारी वाढल्या तर आश्चर्य मानूं नये. तक्रार हें पुष्कळदां पायली मोठी होत असल्याचें लक्षण असतें.

पायली लहान होते तशी ती मोठीही होते, आणि तिचाही त्रास आहे. रिचर्ड ईस्टरलिन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७४ सालीं असें दाखविलें कीं, कोणत्याही एका देशांत गरिबांपेक्षां श्रीमंत लोक आपणांस अधिक सुखी म्हणतात. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची संपत्ति एवढी वाढली तरी तेथील लोकांचें सुख त्या मानानें वाढलें नाहीं. आपल्याबरोबर शेजाऱ्याचेंही घर माडीचें झालें म्हणजे माडीचें सुख ओसरतें, असा त्याच्या म्हणण्याचा एक अर्थ आहे. पुढें इतर विद्वानांनीं, २००८ सालीं विशेषेंकरून, अधिक देशांचे आंकडे जमवून ह्या मतास हरकत घेतली, व तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या घराकडे पाहून आपली पायली वाढत जाते, हें ज्याच्या त्याच्या अनुभवास येण्यासारखें आहे.

तिसरी अडचण अशी कीं, पायली धरणारा हात कोणाचा व मोजणींतून सुटलें कोण, हें पाहावें लागतें. ह्याचें बोलकें उदाहरण भूतानचें आहे. हिमालयाच्या कुशींतील ह्या लहान राज्याच्या जिग्मे सिंग्ये वांगचुक ह्या राजानें राष्ट्राच्या उत्पन्नापेक्षां राष्ट्राचें सुख महत्त्वाचें, असा विचार १९७० नंतरच्या दशकांत जगापुढें मांडिला. विचार उदात्त होता. २००८ सालच्या भूतानच्या राज्यघटनेंत तो समाविष्ट झाला. तेथें नऊ क्षेत्रें व तेहतीस खुणा ठरवून प्रजेच्या सुखाची मोजणी करितात. मनाची स्वस्थता, आरोग्य, शिक्षण, वेळेचा उपयोग, संस्कृति, राज्यकारभार, शेजारधर्म, निसर्ग व राहणीमान हीं तीं नऊ क्षेत्रें होत. ह्या मोजणीप्रमाणें तेथील सुखाचा आंकडा २०१० सालीं ०.७४३, २०१५ सालीं ०.७५६, व २०२२ सालीं ०.७८१ असा चढत गेला. भूताननें पुढाकार घेतल्यावरून २०११ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं सुखाविषयीं ठराव केला, आणि पुढच्या वर्षीं २० मार्च हा जागतिक सुखाचा दिवस ठरला. उलटपक्षीं, शिडीच्या २०१९ सालच्या जागतिक यादींत तोच भूतान ९५ वा होता. माप बदललें, उत्तर बदललें.

परंतु ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. भूतानच्या दक्षिण भागांत नेपाळी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९८५ सालीं नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. आपण १९५८ सालीं देशांत राहत होतों ह्याचा पुरावा त्यांच्याकडे मागण्यांत आला. पुढें सर्वांनीं उत्तरेकडील लोकांचाच पोशाख करावा असा हुकूम निघाला, आणि त्यांची भाषा शाळांतून काढून टाकण्यांत आली. १९९० सालीं त्यांनीं विरोध केला, तेव्हां धरपकड झाली, आणि पुढील कांहीं वर्षांत एक लाखाहून अधिक माणसें पूर्व नेपाळांतील निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन पडलीं. सुमारे वीस वर्षें तीं तेथें राहिलीं. २००७ च्या अखेरीपासून त्यांपैकी बहुतेकांस अमेरिकेंत व इतर दूरच्या देशांत वसविण्यांत आलें. नऊ क्षेत्रें व तेहतीस खुणा ह्यांची मोजणी सुरू झाली तेव्हां हीं माणसें देशांतच नव्हतीं. जे उरले त्यांच्या सुखाची सरासरी चांगली निघाली, ह्यांत नवल तें काय? घरांतून आजाऱ्यास बाहेर काढून मग घरांत सर्व निरोगी आहेत असें म्हणण्यासारखें तें आहे. भूतानचा विचार वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यापासून पुष्कळ शिकण्यासारखें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सरासरी सांगणाऱ्यास प्रथम हें विचारावें : ज्यांना मोजिलें नाहीं ते कोठें आहेत? आणि हा प्रश्न भूतानलाच विचारून थांबूं नये. घराला कुलूप लावून सहा महिने ऊसतोडीस गेलेलें कुटुंब आपल्या गांवाच्या कोणत्या मोजणींत येतें, हें आपणही आपल्यास विचारावें.

मग ही सर्व मोजणी टाकाऊच काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पायल्या लहानमोठ्या होत्या म्हणून बाजार बंद पडला नाहीं; लोक माप तपासून व्यवहार करूं लागले. पंचावन्नावा व साठावा ह्यांतील फरकाला अर्थ थोडा आहे, हें खरें. परंतु सात व एक ह्यांतील फरक भाषेचा किंवा रीतीभातीचा नव्हे. अफगाणिस्तानांत २०२१ सालीं तालिबानांची सत्ता परत आल्यावर मोठ्या मुलींची शाळा बंद झाली, स्त्रियांचीं कामें गेलीं, उपासमार वाढली. तेथील लोकांनीं सांगितलेली पायरी ही साक्ष आहे, आणि साक्ष देणाऱ्याचें म्हणणें जगानें ऐकून घेतलें पाहिजे. जेथें लहान पायलीसुद्धां भरत नाहीं, तेथील दुःखाविषयीं शंकेला जागा उरत नाहीं.

ह्या अभ्यासांतून उपयोगाची आणखी एक गोष्ट निघाली आहे. आपलें हरवलेलें पैशाचें पाकीट कोणी परत आणून देईल असा भरंवसा ज्यांस असतो, ते लोक आपल्या आयुष्यास वरची पायरी देतात, असें २०२५ च्या अहवालांत सांगितलें आहे. त्याआधीं २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४० देशांतील ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटें, सांपडलीं म्हणून, निरनिराळ्या कचेऱ्यांत व दुकानांत देण्यांत आलीं, आणि तीं मालकास कळविलीं जातात कीं नाहीं हें पाहिलें. बहुतेक सर्व देशांत रिकाम्या पाकिटांपेक्षां पैसे असलेलीं पाकिटेंच अधिक परत आलीं! लोक आपण समजतों त्याहून प्रामाणिक असतात. शेजाऱ्यावर भरंवसा टाकतां येणें हें सुखाचें एक मोठें अंग आहे, आणि तें निर्माण करण्यास राजाची किंवा खजिन्याची गरज लागत नाहीं. तें लहान गांवासही साधण्यासारखें आहे.

आतां एका आक्षेपाचें उत्तर देणें अवश्य आहे. कोणी म्हणेल, “गरीब बाई स्वतः म्हणते मी समाधानी आहें, तर तुम्ही कोण तिला दुःखी ठरविणारे?” आक्षेप वजनदार आहे. तिचें उत्तर तिचें आहे; तें खोडून काढण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पुष्कळदां त्या समाधानांत मोठें धैर्य असतें, आणि पोट भरलेल्या माणसानें त्यापुढें मान लववावी अशीच तें असतें. परंतु तिचें उत्तर हें तिचें धैर्य दाखवितें. आपलें कर्तव्य संपलें असें तें दाखवीत नाहीं. ती ‘बरें आहे’ म्हणाली म्हणून तिची मजुरी अर्धी ठेवणाऱ्याचा अन्याय न्याय होत नाहीं. संतोष हा ज्याचा त्यानें स्वतःपुरता धरावयाचा गुण आहे. मालकानें चाकरास, पुरुषानें स्त्रीस, श्रीमंत देशानें गरीब देशास त्याचा उपदेश केला कीं तोच गुण फांस होतो. उघड्या व उपाशी भावास नुसत्या गोड शब्दांनीं निरोप देणाऱ्याविषयीं याकोबाच्या पत्रांत जो प्रश्न केला आहे, तो आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या भावानें आपण कोणत्या पायरीवर आहों असें सांगितलें, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. त्याच्या अंगावर वस्त्र आहे कीं नाहीं, हें विचारितात.

म्हणून घरोघर जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस व शिक्षिका भगिनींस आमची एवढीच सूचना आहे. ‘कसें काय, बरें आहे ना?’ असें विचारून ‘बरें आहे’ हें उत्तर घेऊन उंबऱ्यावरून परत फिरूं नका. दोन वेळां चूल पेटते काय, सून केव्हां जेवते, मुलगी शाळेंत जाते काय, म्हाताऱ्याचा खोकला किती दिवसांचा, रात्रीं अपरात्रीं हांक मारिली तर कोण धांवून येतें, हें विचारा; आणि जें आपल्या हातून होण्यासारखें आहे तें करा. देशादेशांच्या यादींत आपला क्रमांक कितवा, ह्याची काळजी विद्वानांनीं वाहावी. ज्यांची पायली दारिद्र्यानें व तिरस्कारानें लहान करून टाकिली, ती पुन्हां मोठी व्हावी आणि मोठी होऊनही भरावी, ह्याची काळजी आपण वाहूं या.